आधी अर्थिंग, मग गाडी

कन्नड

चि. भाचीस,


वाळूजच्या कंपनीत नोकरी लागली आणि पहिला पगार हातात पडायच्या आतच घरात गाडीचा विषय निघाला. आईचं म्हणणं, एसटी काय वाईट आहे? भावाचं म्हणणं, घ्यायचीच तर जुनी डिझेल घे. तुला मात्र छोटी इलेक्ट्रिक एसयूव्ही हवी आहे आणि निवाडा मामाकडे आला आहे. मामाचा कौल तुझ्या बाजूने आहे. पण त्याचं कारण शोरूममध्ये नाही, तुझ्या रोजच्या रस्त्यात आहे.

कन्नड ते वाळूज जाऊन-येऊन सव्वाशे किलोमीटर धर. महिन्याचे चोवीस दिवस म्हटलं तरी तीन हजार किलोमीटर झाले. पेट्रोलची छोटी गाडी लिटरला सोळा देते आणि पेट्रोल १०५ रुपये आहे असं मानलं, तर महिन्याला वीस हजारांच्या घरात पैसे नुसते टाकीत ओतायचे. इलेक्ट्रिक गाडी हायवेवर एसी लावून युनिटमागे साडेसहा-सात किलोमीटर पळते. चार्जिंगमध्ये थोडी वीज वाया जाते, म्हणून मीटरच्या हिशोबाने सहाच धर. म्हणजे महिन्याला पाचशे युनिट. इथे बरेच जण 'युनिट पाच रुपये' म्हणून गुणाकार करतात आणि फसतात. महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो. शंभर युनिटांपुढे तो जवळपास दुप्पट होतो आणि तीनशेपुढे आणखी वर जातो. घरची वीज आधीच पहिला टप्पा खाऊन बसलेली असते, त्यामुळे गाडीची पाचशे युनिटं महागड्या टप्प्यांतच पडतात. सरासरी सोळा रुपये धरले तर आठ हजार. म्हणजे वाचले बारा हजार. गाडीच्या हप्त्याचा मोठा वाटा यातून निघतो. ज्याची गाडी महिन्याला पाचशे किलोमीटरही फिरत नाही, त्याच्यासाठी मात्र हे गणित कोसळतं. शेजारचे काका गाडी फक्त लग्नसराईत आणि वेरूळच्या दर्शनाला काढतात. त्यांनी पेट्रोलच घ्यावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला आहे. इलेक्ट्रिकवर तो आधीपासून ५ टक्के आहे, म्हणजे पूर्वी होती ती दरी आता बरीच अरुंद झाली आहे.

आता गाडी कुठली? भारतात मध्यमवर्गाच्या आवाक्यातली इलेक्ट्रिक एसयूव्ही म्हणून पहिलं नाव झालं ते टाटाच्या नेक्सॉन ईव्हीचं. आपल्या रांजणगावातून निघालेली ही गाडी जानेवारी २०२० मध्ये १३.९९ लाखांना बाजारात आली. जानेवारी २०२४ मध्ये त्याच घराण्यातली पंच ईव्ही १०.९९ लाखांपासून आली आणि 'छोटी इलेक्ट्रिक एसयूव्ही' हा शब्द तालुक्याच्या गावापर्यंत पोचला. तेव्हा तिला दोन बॅटऱ्या होत्या. २५ युनिटांच्या बॅटरीची कागदावरची रेंज ३१५ किलोमीटर आणि ३५ युनिटांच्या बॅटरीची ४२१. नवी आवृत्ती आली की हे आकडे बदलतात, किमतीही बदलतात, तेव्हा बुकिंगच्या दिवशीचं पत्रक वाचच. पण कागदावरच्या आकड्याला एक तृतीयांश कात्री लावायची सवय कायम ठेव. तो आकडा प्रयोगशाळेतल्या रोलरवर मोजलेला असतो. मे महिन्यातली दुपार, चार माणसं आणि हायवेवरचा नव्वदचा वेग त्यात कुठेच नसतो.

तुझ्या सव्वाशे किलोमीटरला बॅटरीतली अठरा-एकोणीस युनिटं लागतील. २५ च्या बॅटरीत ती बसतात, पण घरी पोचताना पाव बॅटरी उरते. चार वर्षांनी बॅटरी थोडी उतरली आणि त्याच दिवशी शहरात दोन कामं निघाली, की पोटात गोळा येणार. म्हणून तुला मोठी बॅटरी. सुरुवातीच्या किमतींतला फरक पंच ईव्ही आली तेव्हा दोन लाखांचा होता आणि तो तुझ्या बाबतीत वसूल होतो. पिशोर किंवा देवगाव रंगारीला जाऊन-येऊन करणाऱ्या मास्तरांनी विचारलं असतं, तर मामाने त्यांना लहान बॅटरीच सांगितली असती. उलट टियागो ईव्ही बघा म्हटलं असतं. सप्टेंबर २०२२ मध्ये ती ८.४९ लाखांपासून आली होती, २४ युनिटांची बॅटरी तिच्यातही मिळते, फक्त 'एसयूव्ही' म्हणवत नाही. उंच बसण्याची हौस आणि शेताच्या वाटेवर १९० मिलिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स, या दोन गोष्टींसाठी पंचचे जादा पैसे आहेत.

स्वस्त गाडी बघताना पत्र्याकडेही बघ. जून २०२४ मध्ये भारत एनकॅपच्या अपघात-चाचणीत पंच ईव्हीला पाच तारे मिळाले, मोठ्या माणसांच्या सुरक्षेत ३२ पैकी ३१.४६ गुण. त्याच वर्षी मार्चमध्ये सिट्रोएनच्या ई-सी३ ला ग्लोबल एनकॅपने त्याच रकान्यात शून्य तारा दिला. दोन्ही चाचण्या वेगळ्या संस्थांच्या आहेत, काटेकोर तुलना होत नाही. पण तू रोज ज्या महामार्ग ५२ वर ट्रक-ट्रॉल्यांच्या मधून जाणार, तिथे हा रकाना सनरूफच्या आधी वाचायचा.

एमजीची विंडसर तुला आवडली असं आई म्हणाली. गाडी ऐसपैस आहे, मागची सीट तर दिवाणखान्यासारखी. सप्टेंबर २०२४ मध्ये आली तेव्हा जाहिरातीत ९.९९ लाख लिहिलं होतं, पण ती बॅटरीशिवायची किंमत. बॅटरी भाड्याने, तेव्हा किलोमीटरला साडेतीन रुपये. बॅटरीसकट ती तेव्हा साडेतेरा लाखांच्या आसपास होती. त्या दराने तुझ्या तीन हजार किलोमीटरना साडेतीनने गुण. महिन्याला साडेदहा हजार भाडं! पेट्रोल सोडून जे बारा हजार वाचवले, ते जवळजवळ सगळे भाड्यात गेले. भाड्याची बॅटरी कमी फिरणाऱ्याच्या सोयीची, तुझ्या नव्हे. घ्यायचीच असेल तर बॅटरीसकट घे.

वॉरंटीचंही तसंच आहे. बॅटरीवर आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर, 'जे आधी येईल ते', असं बहुतेक ठिकाणी लिहिलेलं असतं. सेल्समन आठ वर्षं मोठ्याने सांगतो आणि किलोमीटर पुटपुटतो. तुझे वर्षाला छत्तीस हजार किलोमीटर होतील, म्हणजे तुझी आठ वर्षं साडेचार वर्षांतच संपतात. काही कंपन्या आता पहिल्या मालकाला यापेक्षा लांबची वॉरंटी देऊ लागल्या आहेत. ती नेमक्या कुठल्या बॅटरीला लागू आहे, हे लेखी घेऊनच सही कर.

आता घराकडे येऊ, कारण या गाडीचा खरा पंप तुझ्या पडवीत असणार आहे.

बुकिंगच्या आधी चांगला वायरमन बोलाव. पहिली गोष्ट म्हणजे वीजबिलावरचा मंजूर भार बघ. आपल्याकडच्या जुन्या घरांना तो एक-दोन किलोवॅट असतो आणि साधा चार्जरच तीन किलोवॅटच्या पुढे ओढतो. महावितरणकडे अर्ज करून भार वाढवून घे. दुसरी गोष्ट, मीटरपासून पार्किंगपर्यंत स्वतंत्र तांब्याची चार स्क्वेअर एमएमची वायर, स्वतंत्र एमसीबी आणि आरसीसीबी. पडवीतल्या पंख्याच्या बोर्डातून लाइन काढायची नाही, एक्स्टेंशन बोर्ड तर स्वप्नातही नको. पहिल्या दिवशी तासभर चार्जिंग झालं की प्लगला बोटाच्या मागच्या बाजूने स्पर्श कर. कोमट चालेल. चटका बसला तर सॉकेट हलक्या प्रतीचं आहे किंवा स्क्रू ढिले आहेत.

तिसरी गोष्ट सगळ्यात दुर्लक्षित: अर्थिंग. इलेक्ट्रिक गाडीचा चार्जर अर्थिंग नीट नसेल तर लाल दिवा दाखवतो आणि वीज घेतच नाही. त्याचं हे बरोबरच आहे, ओल्या हाताने गाडीला हात लावणाऱ्याचा जीव त्यावर असतो. आपली काळी जमीन पावसाळ्यात ओल धरून असते तोवर सगळं ठीक चालतं. मार्च-एप्रिलमध्ये तिला भेगा पडतात, अर्थिंगच्या खड्ड्यातली ओल जाते, आणि जानेवारीत मुकाट चार्ज होणारी गाडी मे महिन्यात रुसून बसते. लोक शिव्या गाडीला घालतात. खड्डा नव्याने खणून तांब्याची पट्टी, मीठ आणि कोळसा घालून घे, वर पाणी ओतायला पाइप ठेव आणि उन्हाळ्यात तुळशीला घालतेस तसं दर आठवड्याला त्यातही बादलीभर पाणी घाल. वायरमनला मीटर लावून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातलं व्होल्टेज तुझ्यासमोर मोजायला सांग. दोन-तीन व्होल्टच्या आत असलं पाहिजे.

रोजची भरपाई वीस-एकवीस युनिटांची, म्हणजे साध्या पंधरा ॲम्पियरच्या सॉकेटवर सात तास. रात्री दहाला लाव, पहाटे पाचला तयार. मोठी बॅटरी घेतली म्हणून जास्त वेळ लागत नाही. जेवढं पळवलं तेवढंच भरायचं. रात्री वीज गेली तर काय, हा तुझ्या भावाचा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर वाळूजमध्ये शोध. कंपनीकडे चार्जिंग स्टेशन मागायला गेलीस तर फाइल वर्षभर फिरेल. पार्किंगच्या भिंतीवर पंधरा ॲम्पियरची चार सॉकेट आणि एक सबमीटर माग, ते मेंटेनन्सचा माणूस आठवड्यात करून देतो. एक पाळी संपेपर्यंत तुझी दिवसाची वीज भरून होते.

हे मागताना एकटी जाऊ नकोस. संभाजीनगर शहराला एकत्र गाड्या घेण्याची परंपरा आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादकरांनी एका दिवसात १५० मर्सिडीज घेतल्या, सुमारे ६५ कोटींच्या, आणि देशभर चर्चा झाली. बारा वर्षांनी, २०२२ मध्ये, तिथल्याच उद्योजकांनी 'औरंगाबाद मिशन फॉर ग्रीन मोबिलिटी'च्या नावाखाली अडीचशे इलेक्ट्रिक गाड्या एकगठ्ठा घ्यायचा संकल्प सोडला. तुझ्या विभागातल्या चार-पाच जणांनी मिळून कोटेशन मागितलं तरी ॲक्सेसरीज आणि विम्यात सवलत निघते. विम्याचं आणखी एक आहे. २०२२ च्या अधिसूचनेनुसार थर्ड पार्टी हप्ता मोटरच्या ताकदीवर ठरतो. ३० ते ६५ किलोवॅटला वर्षाला २,९०४ रुपये, त्यापुढे ६,७१२. पंचच्या लहान बॅटरीची मोटर ६० ची होती, मोठीची ९० ची. म्हणजे मोठ्या बॅटरीबरोबर हा हप्ताही मोठा येतो.

छतावर सोलर बसवायचं असेल तर तेही आत्ताच ठरव. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे आणि तीन किलोवॅट दिवसाला सरासरी बारा युनिट देतं. तुझ्या गाडीची निम्म्याहून जास्त भूक त्यावर भागेल आणि बिल महागड्या टप्प्यांतून खाली उतरेल. गाडी रात्री चार्ज होते, सोलर दिवसा चालतं, ही अडचण नेट मीटरिंगने सुटते.

आजोळी चाळीसगावला जाताना औट्रम घाट लागेल. ऑगस्ट २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या खंडपीठाच्या आदेशाने तिथून अवजड वाहनं बंद झाली, त्यामुळे छोट्या गाडीला घाट बराच मोकळा झाला आहे. कन्नड आणि चाळीसगाव यांच्या उंचीत साधारण तीनशे मीटरचा फरक आहे. भरलेली गाडी तेवढी वर चढवायला सपाट रस्त्याच्या वर दीड-पावणेदोन युनिटं लागतात, म्हणजे दहा-बारा किलोमीटरची रेंज. लोक सांगतात तसा घाट बॅटरी खाऊन टाकत नाही. उतरताना मोटर जनरेटरसारखी चालून वीज परत बॅटरीत भरते आणि ब्रेकही कमी लागतो. मात्र घाट घराजवळ आहे आणि तू वरच्या बाजूला राहतेस. रात्रभर चार्ज करून शंभर टक्क्यांवर निघालीस तर परत आलेली वीज ठेवायला बॅटरीत जागाच नसते, मग गाडी नुसत्या ब्रेकवर उतरवावी लागते. चाळीसगावला जायच्या रात्री नव्वदवर थांबव.

टोलमाफीचं ऐकून हुरळू नकोस. राज्याच्या २०२५ च्या धोरणातली पूर्ण माफी समृद्धी, मुंबई-पुणे द्रुतगती आणि अटल सेतू या रस्त्यांसाठी आहे. महामार्ग ५२ केंद्राचा, तिथे फास्टॅग नेहमीसारखा कापला जाणार.

चाचणीला गाडी घेशील तेव्हा शोरूमभोवती फेरी मारून परत येऊ नकोस. आई, बाबा आणि भावाला बसव, एसी लाव आणि दौलताबादचा चढ चढून वेरूळपर्यंत ने. निघताना आणि पोचल्यावर बॅटरीचे टक्के आणि किलोमीटर वहीत लिही. डिकी उघडून स्टेपनी आहे की फक्त पंक्चर किट, ते बघ. संभाजीनगरच्या सर्व्हिस सेंटरला हाय-व्होल्टेजचं काम जाणणारे मेकॅनिक किती आणि गाडी बंद पडली तर कन्नडपर्यंत टोइंग फुकट की पैसे, हे विचार. बऱ्याचदा अशी गाडी रस्त्यात बंद पडते ती मोठ्या बॅटरीमुळे नव्हे, बॉनेटखालच्या बारा व्होल्टच्या छोट्या बॅटरीमुळे.

आईला नमस्कार. वायरमन रविवारी मोकळा आहे, तारीख कळव.

तुझा,
मामा

ता. क. कोणी कलम ८०ईईबीखाली व्याजावर दीड लाखाची करसवलत मिळेल म्हणालं, तर ऐकून सोडून दे. ती ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच होती.