पहिली मॅरेथॉन : अर्धशक्ती, श्रमश्वास आणि सत्त्वबल

दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, प्रस्तुत लेखकाने मुंबई मॅरेथॉन पूर्ण केली. यवतमाळात ही वार्ता पसरल्यावर चिकित्सालयात एक नवाच रुग्णवर्ग येऊ लागला. दारव्हा तालुक्यातील अठ्ठेचाळीस वर्षांचे एक शिक्षक त्यांपैकीच. ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, शर्यत महिन्यावर आली. दम टिकेल असं काही द्या." अशा रुग्णास काय द्यावे आणि त्याआधी काय विचारावे, याचा ऊहापोह करणे हा या लेखाचा हेतू आहे.

मॅरेथॉनचे ४२.१९५ कि.मी. हे अंतर १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये प्रथम धावले गेले व १९२१ मध्ये कायम झाले. आपल्या मुलखास हा प्रकार परका नाही. बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावून एकोणिसावे आले होते. मुंबईची शर्यत २००४ मध्ये सुरू झाली आणि मॅरेथॉन सर्वसामान्य नोकरदार व व्यावसायिकांच्या आवाक्यात आली. चिकित्सकांपुढील प्रश्नही तेव्हापासूनच वाढले.

शास्त्रविचार

व्यायाम अर्ध्या शक्तीनेच करावा, असे सुश्रुत व वाग्भट या दोघांचेही मत आहे. अतिव्यायामाने श्रम, क्लम, क्षय, तृष्णा, रक्तपित्त, कास, ज्वर, छर्दी इत्यादी विकार संभवतात, हे चरकाचार्यांनी सांगितले आहे. मग बेचाळीस किलोमीटर धावणे हा अतिव्यायाम नव्हे काय? पूर्वतयारी नसलेल्यास तो निश्चितच अतिव्यायाम आहे. परंतु चरकांनी बलाचे सहज, कालज व युक्तिकृत असे तीन प्रकार मानले आहेत. आहार व व्यायाम यांच्या योग्य योजनेने वाढणारे ते युक्तिकृत बल. अर्धशक्तीची मर्यादा मोडणे हा सरावाचा हेतू नसून मूळ शक्तीच वाढविणे हा आहे. शक्ती वाढली की तिचे अर्धही वाढते.

कपाळ, नाक व सांधे यांवर घाम येणे, मुख कोरडे पडणे ही अर्धशक्तीची लक्षणे आपण जाणतोच. व्यवहारात रुग्णास सोपी खूण सांगावी : धावताना सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. लेखकाने पाच महिने धामणगाव मार्गावर याच गतीने सराव केला. आठवड्याचे अंतर हळूहळू वाढविले, सर्वांत लांब धाव ३० कि.मी. ठेवली आणि शेवटचे तीन आठवडे श्रम कमी केले. एका महिन्यात हे बल निर्माण होत नाही.

परीक्षणाच्या सहा बाबी

व्यायामापूर्वी वय, बल, शरीर, देश, काल व आहार यांचा विचार करावा, हा सुश्रुतोक्त नियम पहिल्या मॅरेथॉनला तंतोतंत लागू पडतो. प्रथम आहार पाहू. धावताना दर किलोमीटरला दर किलो वजनामागे साधारण एक कॅलरी खर्च होते. म्हणजे ६५ किलोच्या व्यक्तीस सुमारे २७०० कॅलरी लागतात. यकृत व स्नायूंतील साखरेचा साठा मात्र साधारणतः २००० कॅलरींच्या आसपास असतो. म्हणूनच तीस किलोमीटरनंतर पाय अकस्मात जड होतात. खजूर, केळी, गूळ यांसारखे पचलेले व सरावात अनुभवलेले अन्न मार्गात थोडे थोडे घ्यावे. शर्यतीच्या दिवशी नवे काही घेऊ नये.

देशाच्या बाबतीत लेखकाची चूक झाली. यवतमाळची हिवाळी पहाट कोरडी असते व घाम लगेच वाळतो. मुंबईच्या दमट हवेत तो वाळतच नाही. अंगावरून निथळणाऱ्या घामाला घाबरून लेखक प्रत्येक पाणपोईवर केवळ पाणी पीत राहिला. अठ्ठाविसाव्या किलोमीटरला मळमळ सुरू झाली, बोटे सुजली व अंगठी रुतू लागली. अतिजलपानाने रक्तातील सोडियम घटण्याची ती पूर्वसूचना होती. पाणी थांबवून मीठ लावलेल्या संत्र्याच्या फोडी घेतल्यावर उपशम पडला. अशा वेळी डोके दुखू लागल्यास वा भ्रम झाल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. तहानेचा वेग धारण करू नये, तसेच तहान नसता पाणी रिचवूही नये.

सत्त्वबल

शेवटच्या टप्प्यात पेडर रोडचा चढ येतो. तेथे शरीरापेक्षा मन आधी थांबते. "कशासाठी हे?" हा एकच प्रश्न उरतो. मध्यमसत्त्व पुरुष इतरांकडे पाहून किंवा इतरांच्या आधाराने स्वतःस सावरतो, असे चरकांनी विमानस्थानात म्हटले आहे. रस्त्याकडेला उभी असलेली अनोळखी माणसे चिक्की पुढे करून धीर देत होती. पुढे एक वृद्ध गृहस्थ संथपणे चालले होते. त्यांच्याकडे पाहून लेखक चालू लागला व चढ संपल्यावर पुन्हा धावला. आपण मध्यमसत्त्व आहोत हे त्या दिवशी कळले, आणि त्यात कमीपणा नाही हेही कळले. परंतु मनाचा थकवा व शरीराचा इशारा यांत भेद करता आला पाहिजे. छातीत दडपण, भोवळ, श्वास न पुरणे ही लक्षणे मनोबलाने जिंकावयाची नसतात. श्रमश्वास हा अधारणीय वेग आहे व त्याच्या धारणाने हृद्रोग व संमोह होतात, हे विसरू नये.

औषधी विक्रेत्यांसाठी

शर्यतीपूर्वी किंवा धावताना वेदनाशामक गोळ्या घेणे वृक्कास घातक ठरू शकते. त्या सहज देऊ नयेत. घटकद्रव्ये न छापलेली 'स्टॅमिना' चूर्णे दुकानात ठेवूच नयेत. अश्वगंधा, बलातैल इत्यादी उपयुक्त खरी, पण ती सरावाची जागा घेऊ शकत नाहीत. धावल्यानंतर लघवी चहासारखी गडद झाल्यास ग्राहकास चूर्ण न देता रुग्णालयात पाठवावे.

उपसंहार

त्या शिक्षकांसाठी अश्वगंधा लिहून लेखणी खाली ठेवणार, इतक्यात सवयीने विचारले, "जिना चढताना काही होतं का?" ते म्हणाले, "शाळेचा दुसरा मजला चढलो की छाती भरून येते. थांबलो की जाते. गॅस असेल." कागद बाजूला ठेवून त्यांना हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठविले. ट्रेडमिल चाचणी सदोष आली व पुढे नागपुरात रक्तवाहिनीतील अडथळा दूर करण्यात आला. आज ते तज्ज्ञांच्या अनुमतीने रोज चालतात व भेटले की मॅरेथॉनविषयी विचारतात. उत्तर देण्याची घाई लेखक करीत नाही.

तो प्रश्न विचारला गेला, हा केवळ सवयीचा भाग होता. चाळिशीनंतर प्रथम धावू इच्छिणाऱ्या प्रत्येकास तो हेतुपुरस्सर विचारला जावा, ही वैद्यबंधू-भगिनींना नम्र विनंती.