आडवं झोपता येतं का?

१. एक्स-रे किंवा स्कॅनची फिल्म बघण्याआधी रुग्णाचं ऐकून घ्यावं. सांगलीकडच्या एक बाई आल्या होत्या. सकाळी सगळं ठीक, पण संध्याकाळी भाकऱ्या थापताना हात गळायचे आणि एकाचे दोन दिसायचे. घरचे अशक्तपणा म्हणत टॉनिक पाजत होते. मी त्यांना छताकडे एकटक बघायला सांगितलं, तर मिनिटभरात पापण्या खाली आल्या. तो मायस्थेनिया ग्रेव्हिस होता, म्हणजे स्नायू लवकर थकवणारा आजार. सीटी स्कॅनमध्ये छातीच्या मधल्या हाडामागे थायमस ग्रंथीची गाठ, म्हणजे थायमोमा दिसला. थायमोमाच्या साधारण दर तीन रुग्णांत एकाला मायस्थेनिया असतो. म्हणून लक्षणं नसली तरी ऑपरेशनआधी रक्तातल्या अँटिबॉडी तपासायच्याच. नाहीतर गाठ व्यवस्थित निघते, पण रुग्ण व्हेंटिलेटरवरून निघत नाही. आल्फ्रेड ब्लेलॉक यांनी १९३६ साली नॅशव्हिलमध्ये अशाच एका तरुणीची गाठ काढली आणि तिच्या स्नायूंत पुन्हा ताकद आली. आम्हा छातीच्या सर्जनांची ही सगळी वाट तिथून निघाली.

२. "डॉक्टर, काय असेल ते काढूनच टाका," असं नातेवाईक हात जोडून सांगतात. पण लिम्फोमाला, म्हणजे लसीका ग्रंथींच्या कॅन्सरला, सुरी नको, केमो लागते. तरुण मुलाच्या छातीत मोठी गाठ असेल, तर आधी रक्तातलं एएफपी आणि बीटा-एचसीजी, ही काही गाठींत वाढणारी द्रव्यं, बघावीत. ती वाढलेली असतील तर पहिली पाळी केमोची. उरलेली गाठ नंतर आमच्याकडे येते.

३. आडवं झोपता येतं का, हे प्रत्येकाला विचारावं. तीन उशा लावून बसून झोपणाऱ्याला पूर्ण भूल दिली की स्नायू सैलावतात आणि छातीतली गाठ श्वासनलिकेवर बसते. अशा वेळी फक्त जागा बधिर करून तपासणीसाठी गाठीचा तुकडा घ्यावा. भूलतज्ज्ञ नको म्हणाले, तर नको.

४. थायमोमाची दाट शंका असेल आणि गाठ सुटी दिसत असेल, तर सुई टोचू नये. ती आवरणासकट, अखंड निघायला हवी. श्वासपटलाच्या दोन नसांपैकी एक कधी गाठीसोबत कापावी लागते. दोन्ही कधीच नाही.

५. एका शेतकऱ्याला पहाटे शुद्ध हरपलेल्या अवस्थेत आणलं. मधुमेह नव्हता, तरी साखर ३८. फुप्फुसाच्या आवरणातून नारळाएवढी गाठ वाढली होती आणि तिच्यातून इन्सुलिनसारखं काम करणारा पदार्थ रक्तात उतरत होता. हे फार क्वचित घडतं. गाठ काढली आणि त्यांची साखर पुन्हा उतरली नाही.

६. हे मला सर्वांत जास्त सलतं. एक्स-रेत गाठीची सावली दिसली तरी आपल्याकडे टीबीची औषधं सुरू होतात. टीबी खूप आहे, त्यामुळे डॉक्टरांचा तर्क समजतो. पण थुंकीत जंतू सापडले नसतील आणि दोन महिन्यांच्या औषधांनंतरही सावली तेवढीच असेल, तर औषधं परस्पर बंद करू नका. जुना आणि नवा एक्स-रे शेजारी ठेवून डॉक्टरांना दाखवा आणि सीटी स्कॅनबद्दल विचारा.