तुंबाडची विहीर आणि गीतेतलं दार



आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय १६, श्लोक २१ आणि २२.

नामस्मरण करणाऱ्याने हॉरर सिनेमा बघावा का, असा प्रश्न आपल्यापैकी बऱ्याच जणांना पडतो. माझा आवडता हॉरर म्हणजे 'तुंबाड'. राही अनिल बर्वे यांचा हा सिनेमा २०१८ मध्ये आला, २०२४ मध्ये पुन्हा थिएटरला लागला. मूळ प्रेरणा आपल्या नारायण धारपांच्या भयकथेची. आजचे श्लोक समजायला मला तो फार उपयोगी पडला. (पुढे शेवट सांगितलाय. बघितला नसेल तर आधी बघून या!)

बहुतेक भुताच्या सिनेमांत भूत माणसाच्या घरात येतं. तुंबाडमध्ये उलटं आहे. हस्तर कुणाच्या मागे लागत नाही. विनायक स्वतः पुण्याहून तुंबाडला जातो, दोर बांधून विहिरीत उतरतो, कणकेची बाहुली दाखवून हस्तरच्या लंगोटातली सोन्याची नाणी पळवतो. नाणी संपली की पुन्हा जातो. त्याला कुणी ओढून नेत नाही.

आता श्लोक बघा. काम, क्रोध आणि लोभ यांना भगवंत नरकाचं तिहेरी 'द्वार' म्हणतात, खड्डा म्हणत नाहीत. खड्ड्यात माणूस चुकून पडतो. दारातून मात्र आपल्याच पायांनी आत जावं लागतं. पुढच्याच श्लोकात या तिन्ही अंधाराच्या दारांतून सुटलेला माणूस स्वतःचं कल्याण साधतो, असं सांगितलंय. म्हणजे दाराशी असताना मागे फिरता येतं.

आपल्या शिरूर-दौंडकडे खरी भीती कुणाची, तर उसातल्या बिबट्याची. ती भीती असावीच. तिच्यामुळे माणूस अंधारात बॅटरी घेऊन, सोबतीनेच बाहेर पडतो. पण लोभाची भीती कुणाला वाटते? रांजणगावला एमआयडीसी आली, हायवेलगतच्या जमिनींना भाव आला, आणि एका ताटात जेवलेले भाऊ बांधावरून कोर्टात गेले, असं आपण आजूबाजूला बघतोच. तिथे कुठला हस्तर नव्हता. "अजून थोडं" एवढंच होतं. बिबट्या दिसला की आपण पळतो, लोभ दिसला की त्याला 'प्लॅनिंग' म्हणतो.

याच अध्यायाच्या पहिल्या श्लोकात दैवी गुणांची यादी 'अभय' पासून सुरू होते, आणि लगेच पुढे येते अंतःकरणाची शुद्धी. जवळजवळ असलेले हे दोन शब्द मला महत्त्वाचे वाटतात. सिनेमात न दचकणं म्हणजे अभय नव्हे. ज्याला दुसऱ्याचं काही ओरबाडायचं नाही, त्याला लपवायलाही काही नसतं. तो आपोआप निर्धास्त होतो.

सिनेमाच्या शेवटी शापाने विद्रूप झालेला विनायक नाण्यांनी भरलेला लंगोट मुलापुढे धरतो. एकदम जास्त बाहुल्या नेण्याची आयडिया याच मुलाची होती. तरीही त्या क्षणी तो नाही म्हणतो. पिढ्यांचा लोभ त्याच्यापाशी थांबतो. त्याचं नाव पांडुरंग! यवत-वरवंडवरून जाणारी तुकोबांची पालखी ज्याच्या भेटीला जाते, त्याचंच नाव.

आजचा अभ्यास : "अजून थोडं" असं मन आज कुठे म्हणालं, ते झोपण्यापूर्वी एका ओळीत लिहा. मग शांतपणे पाच मिनिटं नाम घ्या.

राम कृष्ण हरी!