खुर्ची करणारे हात

पूर्वी गावात खुर्च्या किती होत्या? बोटांवर मोजण्याइतक्या. चावडीत एक, शाळेत गुरुजींची एक. घरी पाहुणा आला की घोंगडी अंथरायची, जेवायला पाट मांडायचा. खुर्चीवर साहेब बसे. ती करणारा सुतार मात्र जमिनीवर मांडी घालून बसे. आज आपण त्या सुताराच्या कामाची ओळख करून घेऊ.

सुतार हा बारा बलुतेदारांपैकी एक. खेड, हवेली, मावळ या भागांतही हीच रीत होती. नांगर, कुळव, पाभर, बैलगाडी ही सारी त्याची कामे. वर्षभर तो औते दुरुस्त करी. सुगीत खळ्यावर त्याला धान्याचे बलुते मिळे. नांगराला तो बाभूळ घेई, कारण बाभूळ चिवट. दारांना साग बरा, कारण सागाला वाळवी सहसा लागत नाही.

आता खुर्ची कशी जोडतात ते बघा. पायात पटाशीने चौकोनी खाच पाडतात. आडव्या पट्टीचे टोक तासून जीभ काढतात. तिला कुसू म्हणतात. कुसू खाचेत घट्ट बसले पाहिजे. खिळ्यावर भिस्त ठेवून चालत नाही. लाकूड ओले असेल तर वाळल्यावर ते आकसते. मग सांधा ढिला पडतो आणि खुर्ची कुरकुरते. म्हणून चांगला सुतार आधी लाकूड वाळू देतो.

खुर्ची घेताना एवढे पाहा. सपाट जमिनीवर ती डुगडुगते का? बैठकीच्या दोन्ही तिरक्या बाजू दोरीने मोजा. मापे सारखी आली पाहिजेत. मागच्या पायाचा सांधा हलवून बघा. माणूस टेकून बसला की सगळा ताण तिथेच येतो.

१९५४ साली पिंपरीला पेनिसिलिनचा सरकारी कारखाना उभा राहिला. पुढे चिंचवड, भोसरी, चाकण येथे कारखाने वाढले. लोखंडी नांगर आले, ट्रॅक्टर आले, प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या. बलुते बंद पडले. मग सुताराची विद्या वाया गेली का?

नाही. लोखंड ओतण्याआधी वाळूचा साचा करावा लागतो. त्यासाठी वस्तूचा लाकडी नमुना लागे. ओतलेले बीड थंड झाले की मीटरला सुमारे १ सेंटिमीटर आकसते. म्हणून नमुना तेवढा मोठा ठेवायचा. हे मापाचे काम सुताराच्याच हाताचे. आता असे नमुने यंत्रावरही कोरतात. तरी लाकडाची पारख असलेला माणूस आजही लागतो.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने विश्वकर्मा योजना सुरू केली. तीत १८ कारागिरी आहेत, सुतारकामही आहे. हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत ठरली आहे. कर्जही आहे; पण कर्ज फेडावे लागते. म्हणून कागद नीट वाचा, आकडा बघा, मगच सही करा. आता तुम्हाला वाचता येते. कुणी सांगितले म्हणून अंगठा उठवू नका.

आणि सुतारमामा घरी कामाला आले, तर त्यांना आधी बसायला खुर्ची द्या.

प्रश्न
१. ओल्या लाकडाची खुर्ची का कुरकुरते?
२. लाकडी नमुना थोडा मोठा का ठेवतात?
३. तुमच्या गावात सुतारकाम कोण करते? त्यांचे नाव लिहा.