पाण्यावर टेकलेला दोर

स्कॉटलंडमधील स्पे नदीवर सॅमन मासे पकडण्यासाठी गळाला पिसे बांधून खोटी माशी करतात. तिला वजन जवळजवळ नसतेच. मग ती वीस मीटर दूर टाकायची कशी? विद्यार्थी मित्रांनो, येथे फेकायचा असतो तो जड दोर. माशी निमूटपणे त्याच्यामागे जाते.

एरवी दोर आधी पाठीमागे सरळ उडवून मग पुढे फेकतात. पण मागे झाडी किंवा उंच दरड असली तर? त्यासाठी १९व्या शतकात स्पेच्या काठी निराळी रीत रुळली. सुमारे ४ मीटर लांबीची काठी दोन्ही हातांनी सावकाश उचलून, वळसा देत मागे न्यावी. दोराचे टोक शेजारी पाण्यावर टेकते आणि उरलेल्या दोराचा अर्धगोल फुगा मागे तयार होतो. लगेच काठी पुढे नेऊन एकदम थांबवावी.

पाणी टोक धरून ठेवते, म्हणून फुगा मागे घसरत नाही. त्याच्या जडत्वाने काठी वाकते. काठी थांबताच दोर पुढे उलगडू लागतो आणि त्याचा हलणारा भाग आखूड होत जातो. गतिज ऊर्जा तीच राहून वस्तुमान एकचतुर्थांश झाले, तर वेग दुप्पट! (हवेचा रोध अर्थात काही ऊर्जा खातोच.)

नवशिका चुकतो तो जोर लावून. हिसक्याने टोक निसटते, फुगा कोसळतो. उलट पाण्यावर फार दोर पडला, तर तो सोडवण्यातच ऊर्जा जाते. गवतावरचा सराव म्हणूनच फसवा. गवत पाण्यासारखे धरत नाही.

वारा प्रवाहाबरोबर वाहत असेल, तर टोक आपल्या खालच्या बाजूला टेकवावे. वरच्या बाजूला टेकवले, तर गळ वाऱ्याबरोबर थेट तोंडावर येतो.