आचार्य की आचारी?

‘आचार्यांना बोलवा’ आणि ‘आचाऱ्यांना बोलवा’ ही वाक्ये मोठ्याने वाचा. पहिल्या निरोपाने गुरुजी येतील, दुसऱ्याने स्वयंपाकी! संगणकावर हा फरक कसा उमटवायचा?

कळ दाबली की संगणकाकडे अक्षर जात नाही, कळीचा क्रमांक जातो. त्यावरून अक्षर कोणते घ्यायचे, हे आपण निवडलेली कळफलकाची रचना ठरवते. १९९१ च्या भारतीय मानकातील इनस्क्रिप्ट रचनेत ‘जे’ म्हणजे र आणि ‘डी’ म्हणजे पाय मोडायचे चिन्ह. र, ते चिन्ह आणि य (तिरक्या रेघेची कळ) ओळीने दाबले की रफार मिळतो : र्य. आता शिफ्ट धरून ‘जे’ दाबा. खाली टिंब असलेला ऱ उमटेल. युनिकोडमध्ये हे स्वतंत्र अक्षर आहे, क्रमांक ०९३१. पुढच्या दोन कळा त्याच. पण उमटते ऱ्य. टिंब गेले कुठे? साठवणीत ते आहेच; पडद्यावरचा आकार मात्र फॉन्ट जुळवतो.

साधा र, पायमोड आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरूनही हाच आकार येतो. डोळ्यांना दोन्ही सारखे. संगणकाला मात्र वेगळे, त्यामुळे एका पद्धतीने लिहिलेला शब्द दुसरीने शोधल्यास सापडेलच असे नाही.

आता ‘दर्या’, ‘दऱ्या’ आणि ‘तऱ्हा’ टंकून पाहा.