रस्त्याची कड कोणाची?



या पानावर आपण नेहमी बेणे, लागण, खोडवा यांचा विचार करतो. गळीत हंगाम तोंडावर आला आहे, म्हणून या खेपेस रस्त्याचा विचार करू. ऊस ज्या रस्त्याने गव्हाणीला येतो, त्याच रस्त्याने शाळेची पोरे, सायकलवरचा रोजंदार आणि पहाटे कोपीवरून तोडीला निघालेली माणसे जातात.

देशात २०२२ साली रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांपैकी ३२,८२५ पायी चालणारी होती. म्हणजे पाच मृतांत जवळपास एक पायी चालणारा. अपघात झाला की आपण म्हणतो, "बघून चालायचे नाही का?" पण थोडा हिशेब करून पाहा.

अंबड तालुक्यात वडीगोद्री, शहागडवरून धुळे-सोलापूर महामार्ग (क्र. ५२) जातो. रस्ता चौपदरी. एका बाजूचे दोन पदर म्हणजे सुमारे सात मीटर. डोक्यावर वाढ्याचा भारा घेतलेली बाई सेकंदाला एक मीटर चालते असे धरा. तिला ओलांडायला सात सेकंद लागतात. ताशी ८० किलोमीटरने येणारे वाहन तेवढ्यात दीडशे मीटर, म्हणजे पाचशे फूट अंतर कापते. अंधारात एवढ्या लांबच्या वाहनाच्या वेगाचा अंदाज कोणाला येतो? रुंद आणि सरळ रस्ता केला की ड्रायव्हर गाडी दाबणारच, मग पाटीवर काहीही लिहा. गावे आधीची आहेत, रुंद रस्ता नंतर आला.

दुसरीकडे समृद्धी महामार्ग पाहा. तो आपल्या जालना व बदनापूर तालुक्यांतून जातो. नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी आणि शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. त्यावर पायी माणूस, सायकल, दुचाकी, बैलगाडी यांना बंदी आहे, आणि पलीकडे जायला खालून वाटा काढल्या आहेत. वेगवान वाहन आणि पायी माणूस एका पट्ट्यात नांदत नाहीत, हे तेथे आधीच ओळखले गेले. जुन्या रस्त्यांवर मात्र चालणाऱ्याला उरते ती फक्त साईडपट्टी.

आणि ती साईडपट्टी हंगामात कोण अडवतो? आपणच. शेजाऱ्याने वीतभर बांध कोरला तर आपण तहसिलीपर्यंत जातो. पण साईडपट्टीवर ट्रॉल्यांची रांग लावून चालणाऱ्याचा बांध आपण रोज कोरतो. मग शाळेचे पोर डांबरावरून चालते. यात आमचा शेतकी विभागही दोषी आहे. एका दिवशी जास्त तोडचिठ्ठ्या गेल्या की यार्ड भरते आणि रांग रस्त्यावर येते. यंदा यार्डात मावेल तेवढ्याच उसाच्या चिठ्ठ्या काढायच्या असे आम्ही ठरवले आहे. चिठ्ठी एक दिवस उशिरा आली तर सभासदांनी रागावू नये.

कायदा काय सांगतो, तेही ध्यानात ठेवा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२२ प्रमाणे इतरांना धोका होईल अशा जागी वाहन सोडता येत नाही. ट्रॉलीबाहेर ऊस लोंबत असेल तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर २०,००० रुपये दंड आहे. त्याच दुरुस्तीने कलम १९८-अ आले. रस्ता ठरलेल्या मानकाप्रमाणे न बांधल्यामुळे किंवा न राखल्यामुळे कोणी मेला वा अपंग झाला, तर जबाबदार यंत्रणेला वा ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे दोष नेहमी चालणाऱ्याचाच, असे कायदाही मानत नाही. धडक देऊन वाहन पळाले तर मृताच्या वारसांना दोन लाख आणि गंभीर जखमीला ५०,००० रुपये मिळण्याची तरतूद आहे. त्यासाठी तहसील कार्यालयात चौकशी करावी.

आता करावयाच्या गोष्टी :

१) प्रत्येक ट्रॉलीच्या व बैलगाडीच्या मागे लाल परावर्तक लावा. चिखलाने माखला तर रोज पुसा.

२) ट्रॉली बिघडली तर शक्यतो डांबराखाली घ्या. मागे लांबवर लाल त्रिकोण ठेवा. टेकणासाठी लावलेले दगड रस्त्यात टाकून जाऊ नका.

३) टोळीच्या मुकादमाने पहाटे पुढे व मागे बॅटरी द्यावी. फुटपाथ नसेल तेथे माणसांनी उजव्या कडेने, समोरून येणारी वाहने दिसतील असे चालावे. सायकलवाल्याने डावी कड धरावी व मागे लाल परावर्तक लावावा.

४) जखमीला पाहून पुढे जाऊ नका. १०८ ला फोन करा. मदत करणाऱ्याला कलम १३४-अ चे संरक्षण आहे.

५) गावाजवळ ओलांडायला सोय नसेल तर ग्रामसभेत ठराव घ्या. खालची वाट, दिवे, गतिरोधक पट्टे, साईडपट्टी यांची नावानिशी मागणी करा. ठराव बांधकाम खात्याकडे किंवा महामार्ग प्राधिकरणाकडे, आणि एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील रस्ता सुरक्षा समितीकडे पाठवा.

उसाचे वजन काट्यावर होते, दोन टन कमी भरला तर पुढच्या साली भरून काढता येतो. तोडीला गेलेला माणूस घरी परतला नाही तर ती तूट कशानेही भरून निघत नाही. तेव्हा गव्हाणीची पूजा करण्याआधी आपापल्या ट्रॉलीमागे जाऊन एकदा उभे राहा, आणि रात्री ती किती लांबून दिसते ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.

– ऊस विकास अधिकारी